चारशे वर्षांचा बँड

हेवी मेटलचा चाहता किती मुरलेला आहे हे त्याच्या केसांवरून ओळखायला जाऊ नये. केस एक तर पांढरे झालेले असतात किंवा नसतातच. ओळखायचं ते टी-शर्टच्या पाठीवरून. पुढची बाजू सगळ्यांची सारखीच. तिथे कवट्या, ज्वाळा, साखळदंड असा मंगल मजकूर असतो. कुंडली असते मागे. त्या वर्षीच्या दौऱ्यातली गावं आणि तारखा बारीक अक्षरांत ओळीने छापलेल्या असतात, आणि साल जितकं जुनं तितका मान मोठा. २०१६ चा टी-शर्ट म्हणजे कालचं पोर. १९८८ चा दिसला की लोक सरकून वाट देतात, मग त्या टी-शर्टात आता मूळ मालक अर्धाच मावत का असेना.

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर जर्मनीतल्या वाकेन गावी भरलेल्या हेवी मेटलच्या जलशात समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघतच नव्हतं. माणूस पुढे गेला की वळायचं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा आणि त्याची पाठ वाचायची. वाचून झालं की एक तर आदराने मान हलवायची किंवा नुसतं 'हं' करून बिअरचा घोट घ्यायचा. आमच्या देश्याला मात्र लोकांनी थांबवून थांबवून वाचलं. त्याच्या अंगात आयर्न मेडनच्या २००८ च्या दौऱ्याचा टी-शर्ट होता आणि यादीत पहिलंच नाव मुंबईचं, १ फेब्रुवारी. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिकाच्या खुर्चीत बसून बोइंग ७५७ मधून अख्ख्या बँडला जगभर घेऊन हिंडला तोच हा दौरा, आणि त्याचा नारळ फुटला होता आमच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. जुलैअखेरीला तोच दौरा वाकेनला पोचला होता. त्यामुळे चहाकॉफीच्या रांगेत एक साठीचा, दाढीच्या दोन वेण्या घातलेला जर्मन गृहस्थ त्याच दौऱ्याचा टी-शर्ट घालून भेटला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाठ केली, माना वळवून एकमेकांना वाचायचा प्रयत्न केला, दोघांच्याही माना अर्ध्यातच अडकल्या, आणि मग दोघांनीही मानेचा पट्टा केव्हा लागला होता याची माहिती एकमेकांना दिली. भाषा कुठलीच नीट जुळत नव्हती. 'स्पॉन्डिलोसिस' मात्र दोघांनाही लगेच कळलं.

देश्याच्या आईची शेवटपर्यंत समजूत अशी होती की आम्ही नागोठण्यापुढच्या वाकण फाट्याला चाललोय. 'पासपोर्ट कशाला लागतो रे?' एवढीच तिला शंका होती. पुढे चिखलाचे फोटो पाठवल्यावर तीही फिटली.

कारण त्या वर्षी पाऊस पडला. म्हणजे आपल्या मोजमापाने काही फार नव्हे, पण जर्मन शेतांना हजारो मोटारींची चाकं आणि पाऊस एकाच वेळी सोसत नाही. पंच्याऐंशी हजार लोकांची तिकिटं काही तासांत संपलेली होती. आयोजकांनी आधी सांगितलं की घरून निघाला नसाल तर निघू नका, मग सांगितलं की आता कुणालाच आत घेता येणार नाही. हजारो लोक वाटेवरून परत गेले. या जलशाचं ब्रीदवाक्यच 'रेन ऑर शाइन' आहे. त्यातला पहिला शब्द इतक्या मनापासून पाळला जाईल असं ते लिहिणाऱ्यालाही वाटलं नसणार. आम्ही आत होतो, कारण हॅम्बुर्गला राहणारा कुळ्या सगळीकडे नको इतक्या लवकर पोचतो. या गुणाबद्दल कॉलेजात आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली होती. वाकेनला त्याने त्याचा एकेक हिशेब चुकता केला.

वाकेनची वस्ती जेमतेम दोन हजार. एरवी तिथे गाई चरतात. १९९० साली थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर या तिथल्याच दोघांनी खडीच्या जुन्या खाणीत एक छोटा जलसा भरवला आणि आठशेएक माणसं आली. पुढचं सगळं त्यातून वाढलं. गावाने पोलिसात तक्रार, उपोषण, निवेदन वगैरे केलं असेल अशी आपली अपेक्षा असते. इथे तर जलशाची सलामी गावच्या अग्निशामक दलाचा बँड देतो: युनिफॉर्ममधले काका पोटावर ट्युबा टेकवून फुंकतात आणि समोर कवट्यावाले डोलतात. घराघरांच्या अंगणात नाश्त्याची टेबलं लागतात. आजीबाई पावाला लोणी लावून देतात ते अशा माणसाला, की जो आपल्याकडे लिफ्टमध्ये शिरला तर आपण जिन्याने जाऊ. २०१७ मध्ये मैदानाखालून सुमारे सात किलोमीटर लांबीची बिअरची पाइपलाइन टाकली गेली. आमच्या सोसायटीत पाण्याची लाइन बदलायचा ठराव कैक वर्षं वार्षिक सभेत फिरतोय, तेव्हा यावर मी काही बोलत नाही.

आता जुन्या चाहत्यांविषयी. तरुण चाहता जलशाला येतो तो तंबू, बिअर आणि उत्साह घेऊन. जुना चाहता येतो तो सामान घेऊन. घडीची खुर्ची, तीही पाठीला आधार असलेली. गुडघ्याचे पट्टे. कानात घालायचे बोळे. ज्या आवाजासाठी दोन समुद्र ओलांडून आला तो आवाज कानात फार शिरू नये म्हणून. आठवड्याच्या गोळ्यांची डबी, सोमवार ते रविवार कप्पे पाडलेली. या सगळ्यावर बिनबाह्यांचं डेनिमचं जाकीट, त्यावर शिवलेले बँडांच्या नावांचे पन्नास तुकडे. हे जाकीट धुवायचं नसतं असा दंडक आहे आणि तो काटेकोर पाळला जातो. वारा कुठून वाहतोय हे पाहून मी माझी खुर्ची हलवत होतो.

देश्याने सांगलीचं भडंग आणलं होतं. शेजारच्या तंबूतल्या फिनलंडच्या दोघांनी ते गंभीरपणे खाल्लं, घाम पुसला आणि आम्हाला विचारलं की हे कुठल्या बँडचं आहे. निदान कुळ्याने भाषांतर तरी तसं केलं.

आमची पिढी मेडनची चाहती झाली ती कॉपी केलेल्या कॅसेटवर. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन मूळ कॅसेट घ्यायची ती वर्गातल्या एकाने. ती मग ज्याच्या घरी डबल डेक असेल त्याच्याकडे जायची आणि नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर तिची पैदास व्हायची. एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. यात एक अडचण अशी होती की १९८६ चा 'समव्हेअर इन टाइम' एक्कावन्न मिनिटांचा आहे आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. शेवटचं गाणं 'अलेक्झांडर द ग्रेट', साडेआठ मिनिटांचं. म्हणजे आमच्या कॅसेटवर सिकंदर जेमतेम जन्माला यायचा आणि टेप खट्ट करून संपायची. पर्शिया नाही, दारियस नाही, काही नाही. अख्ख्या डोंबिवली-ठाणे पट्ट्यात कित्येक वर्षं सिकंदर बालमृत्यूनेच गेला. कुळ्याच्या चुलतभावाने अमेरिकेहून सीडी आणली तेव्हा आम्हाला पुढचा इतिहास कळला, आणि गाण्यात शेवटी त्याचं सैन्य हिंदुस्थानात यायला नकार देतं हे ऐकून देश्या दुखावला. तो राग २००७ मध्ये गेला. त्या वर्षी मार्चमध्ये मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले. सिकंदरच्या सैन्याला जमलं नाही ते बासवाल्या स्टीव्ह हॅरिसच्या सैन्याने केलं.

पण हे गाणं मेडनने कधीही मंचावर वाजवलं नव्हतं. १९८६ पासून २०२३ पर्यंत, एकदाही नाही. चाहत्यांनी मागायचं आणि बँडने दुसरंच काही वाजवायचं, असा सदतीस वर्षांचा व्यवहार. मग मे २०२३ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानाला नवा दौरा सुरू झाला आणि यादीत ते निघालं. त्या रात्री कुळ्याने मला फोन केला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मी घाबरून 'अरे, घरी सगळं ठीक ना?' असं विचारलं, तर म्हणाला, 'घरी ठीकच आहे रे. अलेक्झांडर वाजवला.'

मात्र आपण खूश आहोत असं कबूल करणं जुन्या चाहत्याच्या तत्त्वात बसत नाही. यादी इंटरनेटवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हिशेब सुरू झाला: 'रन टू द हिल्स' नाही, 'नंबर ऑफ द बीस्ट' नाही, 'हॅलोड बी दाय नेम' नाही, मग हे काय आहे? आणि २०२१ च्या नव्या अल्बमची इतकी गाणी कशाला? मुरलेल्या चाहत्याच्या लेखी १९८८ नंतरचं सगळं 'नवीन' असतं. त्याची मुलं १९८८ नंतर जन्मली, नोकरीला लागली, एकाचं लग्नसुद्धा झालं. ती सगळी नवीनच.

वाकेनला मेडनच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून जागेचा विचार चालू होता. तरुण पोरं मंचाच्या कठड्याला चिकटतात, एकमेकांना ढकलतात, चिखलात लोळतात. जुना चाहता साउंड डेस्कपाशी उभा राहतो. कारण विचारलं तर तो सांगतो की मिक्सिंग करणारा इंजिनियर जिथे बसतो तिथेच आवाज सगळ्यात संतुलित ऐकू येतो. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण साउंड डेस्कभोवती लोखंडी कठडा असतो आणि त्याला टेकता येतं, हेही तितकंच बरोबर आहे. त्या संध्याकाळी कठड्याला टेकलेली ती रांग मी नीट पाहिली: सगळे पंचेचाळीसच्या वरचे, सगळ्यांचं वजन डाव्या पायावर, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आवाजाच्या संतुलनाविषयी गाढ आस्था.

दुसरा प्रश्न बिअरचा. पाइपलाइन आहे म्हणून कितीही प्यावी असं विशीत वाटतं. पन्नाशीत माणूस दोन तासांचा कार्यक्रम, मूत्राशयाची क्षमता आणि चिखलातून शौचालयापर्यंतचं अंतर यांचं त्रैराशिक मांडतो. मेडनच्या चाहत्यांना यात एक सोय आहे. बँड येण्याआधी लाउडस्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' हे जुनं गाणं लागतं, नेहमी लागतं. नाटकाच्या तिसऱ्या घंटेला जो मान तोच या गाण्याला. त्याचे पहिले सूर आले आणि मैदानाच्या कडेच्या निळ्या शौचालयांची दारं एकाच वेळी धडाधड उघडली. जाकिटं सावरत, पट्टे ओढत, चिखलात पाय रुतवत एक पिढीच्या पिढी परत धावत आली. धावत म्हणजे, प्रत्येकाच्या गुडघ्याला झेपेल तसं.

आणि मग ते आले. कुळ्याने आधीच गणित करून ठेवलं होतं: ढोलवाला निको मॅकब्रेन ७१, स्टीव्ह हॅरिस ६७, तिन्ही गिटारवाले ६६, ब्रूस डिकिन्सन ६४. बेरीज बरोबर ४००. 'तीन दिवसांनी ब्रूसचा वाढदिवस आहे,' तो म्हणाला. 'आपण ऐन आकड्यावर आलोय.' चारशे वर्षांचा ऐवज मंचावर धावत आला आणि धावतच राहिला. हॅरिसने एक पाय स्पीकरवर ठेवून बास गिटार आमच्यावर बंदुकीसारखी रोखली, १९८० पासून रोखतोय तशी. यानिक गर्सने गिटार खांद्याभोवती गरागरा फिरवली आणि आमच्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी नकळत स्वतःचा खांदा चोळला.

जुना चाहता पहिली दोन गाणी ऐकत नाही, तपासतो. 'आवाज लागलाय का? वर जातोय का?' २०१५ मध्ये ब्रूसच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ असल्याचं जाहीर झालं होतं. उपचार झाले, आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा दौऱ्यावर. या वयात बरेच बँड मुकाट्याने पट्टी उतरवतात, सगळी वाद्यं अर्ध्या-एका स्वराने खाली लावतात, आणि गायकाची लाज राहते. मेडन अजून जुन्याच पट्टीत वाजवतात. त्यामुळे वरच्या जागा आल्या की कठड्यावरचे सगळे श्वास रोखून उभे, जणू आपल्यालाच गायचंय. जागा लागली की सुटकेचा निःश्वास, आणि लगेच शेरा: 'शहाऐंशीत जास्त स्वच्छ होती.' हा शेरा मारणारा शहाऐंशीत डोंबिवलीत सहावीत होता.

निकोची गोष्ट त्याच आठवड्यात जाहीर झाली होती. जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका येऊन खांद्याखालची उजवी बाजू गेली होती. मे महिन्यात तो दौऱ्यावर. ढोलांच्या डोंगरामागे तो दिसत नाही, कधीच दिसत नव्हता. पण त्या दिवशी सगळे मंचाकडे कमी आणि त्या डोंगराकडे जास्त बघत होते. काही जलद जागा तो आता सोप्या करून वाजवत होता. इतर वेळी असं झालं असतं तर आमच्या रांगेने फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी कुणी ब्र काढला नाही. एका इंग्रज म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि शेजाऱ्याला सांगितलं की चिखल उडाला.

मधे 'डेथ ऑफ द केल्ट्स' आलं. गाणं नव्या अल्बममधलं, दहा मिनिटांचं. प्रत्येक जुन्या चाहत्याने घरीच ठरवून ठेवलं होतं की याच गाण्याला शौचालयात जाऊन यायचं, आणि हा आपला स्वतःचा शोध आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. रांग इतकी लांब झाली की तिच्या टोकाला उभं राहिलेल्यांना ते गाणं पूर्ण ऐकावं लागलं. देश्या परत येऊन म्हणाला, 'बरं आहे रे गाणं.' हा त्याचा तेहतीस वर्षांतला पहिला उदार अभिप्राय.

एडी, म्हणजे बँडचं ते सांगाडेवजा भूत, दहा फुटी होऊन मंचावर आलं. ब्रूसने त्याच्यावर तोफ डागली, त्याने उलट गोळ्या झाडल्या. चौसष्ट वर्षांचा माणूस बाहुल्याशी लुटुपुटीची लढाई करतोय आणि समोर हजारो प्रौढ नागरिक, ज्यांत दातांचे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, एक तर आयकर सल्लागार असल्याचं त्याने स्वतःच आम्हाला सांगितलं होतं, ते सगळे 'मार, मार' करतायत. तर्जनी आणि करंगळी वर, मधली बोटं मिटलेली, असे शिंगांचे हात सगळीकडे उठलेले. ही खूण सैतानाची म्हणून बदनाम आहे. ती रूढ केली रॉनी जेम्स दिओने, ब्लॅक सबाथमध्ये आल्यावर, आणि तो सांगायचा की ती त्याने इटालियन आजीकडून उचलली. दृष्ट लागू नये म्हणून आजी ती करायची. म्हणजे त्या चिखलात आम्ही सगळे मिळून त्या सहा म्हाताऱ्यांची दृष्ट काढत होतो. मिठमोहऱ्या तेवढ्या नव्हत्या.

मग अलेक्झांडर. सुरुवातीची ती संथ गिटार, कूच करणारा ठेका, मग ब्रूस. मी कुळ्याकडे पाहिलं. तो मनगटाकडे बघत होता. सव्वादोन मिनिटं झाली, जिथे आमची टेप संपायची ती जागा आली, आणि कुळ्याने मान वर केली. सिकंदर वाचला होता. पुढे पर्शिया घेतला, दारियसला पळवलं, शहरं वसवली, आणि हिंदुस्थानच्या वेशीवर त्याचं सैन्य अडून बसलं तेव्हा देश्याने मोठ्याने मराठीत एक शब्द उच्चारला, तो इथे छापता येणार नाही. तीन गिटारी एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. आमची कठड्याची रांग तोवर कठडा सोडून चार पावलं पुढे गेली होती. आयकर सल्लागाराने मानेचा पट्टा काढून खिशात घातला.

कार्यक्रम संपला की लाउडस्पीकरवर मॉन्टी पायथनचं 'ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ' लागतं, हेही ठरलेलं. त्यावर शिट्ट्या मारत सगळे आपापल्या तंबूकडे घसरत निघाले. गाणी पुरती विरलीही नव्हती तोवर कुळ्याने सुरू केलं: 'वेस्टेड इयर्सने शेवट? शेवट हॅलोडने व्हायला हवा.' दाढीच्या वेण्यांवाला जर्मन म्हणाला की टू मिनिट्स टू मिडनाइट नाही म्हणजे अन्याय आहे. दोघांचं अगदी मनापासून जुळलं.

डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोत निकोने शेवटचं वाजवलं आणि दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. २०२५ मध्ये बँडच्या पन्नाशीचा दौरा निघाला, नवा ढोलवाला सायमन डॉसन घेऊन. यादी फक्त पहिल्या नऊ अल्बमांतली. रन टू द हिल्स आहे, नंबर ऑफ द बीस्ट आहे, हॅलोड आहे, टू मिनिट्स आहे. वाकेनच्या चिखलात जे जे मागितलं ते एकूण एक. मला वाटलं, आता तरी कुळ्या गप्प बसेल. त्याचा मेसेज आला तो असा: 'सगळी तीच ती घासून गुळगुळीत झालेली गाणी. आणि अलेक्झांडर काढलं. निर्लज्जपणा आहे.' खाली दोन तिकिटांचा फोटो. त्याच्याखाली आणखी एक ओळ: 'या वेळी साउंड डेस्कच्या डाव्या बाजूला उभं राहू. उजवीकडचा कठडा कमरेला बरोबर येत नाही.'